थोरली, धाकटी आणि सुदाम आप्पा

सुदाम आप्पांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. शिरूरला नवीन घर घेतलं होतं आणि आम्ही टेम्पोतून कपाट उतरवत होतो. तेवढ्यात शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवरून एक हात वर आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले दोन फोटो होते. मागोमाग कानटोपी आली आणि तिच्याखाली चेहरा आला.

"जय भीम. ह्यातली थोरली कोणती आन् धाकटी कोणती, सांगा बरं."

कपाटाचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. फोटोत निळ्या पाण्यात दोन काळेकुट्ट, रुंद, पंख पसरल्यासारखे प्राणी दिसत होते. मी म्हटलं, "दोन्ही एकच आहेत की."

चेहऱ्यावर साफ निराशा पसरली. "दिसायला सारखं म्हंजी सारखं न्हाई," एवढं म्हणून कानटोपी भिंतीपलीकडे गेली. टेम्पोवाला कपाटाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला, "साहेब, घर घ्यायच्या आधी शेजारी चक्कर मारली होती का?"

नव्हती मारली. मी मूळचा मांडवगण फराट्याचा, रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला. आमच्या भागातून समुद्र किती लांब आहे हे कुणी सांगू शकणार नाही, कारण तिकडे जायचं कुणाच्या मनातच येत नाही. आमचं पाणी म्हणजे घोडनदी, फार तर दौंडला गेलं की भीमा. अशा ठिकाणी एक माणूस रोज सकाळी उठून समुद्रातल्या दोन माशांची काळजी करतो, हे पटायला मला वेळ लागला. नंतर इतकं पटलं, की एखादा दिवस आप्पांनी माशाचा विषय काढला नाही तर मला त्यांच्या तब्येतीची शंका यायची.

मासा म्हणजे मांटा. कोकणात पाकट नावाचा चपटा मासा मिळतो, त्याच्याच कुळातला. पण हा आमच्या बैठकीच्या खोलीत मावणार नाही एवढा मोठा. शेपटीला डंख नाही, तोंडापुढे शिंगांसारख्या दोन पट्ट्या, आणि एवढा आडवातिडवा देह असून खाणं काय, तर पाण्यातले बारीक बारीक जीव. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि जे गाळून येईल ते गिळायचं. याच्या दोन जाती. एक खोल समुद्रात दूरदूर भटकणारी, जास्त मोठी. दुसरी प्रवाळाच्या आसपास, घराजवळ राहणारी. अगदी अलीकडेपर्यंत शास्त्रज्ञसुद्धा दोन्हींना एकच समजत होते. हे आप्पांनी सांगितल्यावर मला जरा बरं वाटलं.

"शास्त्रज्ञांनी चूक सुधारली," आप्पा म्हणाले. "तुमी कवा सुधारताय?"

त्यांनी मला भिंतीवरूनच शिकवलं. दोघींच्याही खांद्यांवर पांढरे पट्टे असतात. थोरलीचे पट्टे पुढच्या बाजूनं सरळ असतात, म्हणून मधल्या काळ्या भागाचा आकार टिकावासारखा दिसतो. धाकटीचे पट्टे तिरके, म्हणून मधे बेचकी दिसते. थोरलीचं तोंड काळं, धाकटीचं फिकट. "टिकाव दिसला की थोरली, बेचकी दिसली की धाकटी. एवढंच ध्यानात ठेवायचं. बाकी मी हायेच."

"आणि त्यांचं काय चाललंय म्हणता?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

"धोक्यातल्या जिवांच्या यादीत धाकटी असुरक्षित हाय. थोरली संकटग्रस्त हाय."

"म्हणजे कोण जास्त वाईट?"

आप्पांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. हा त्यांचा समजावून सांगण्याचा पवित्रा. "असं बघा. असुरक्षित म्हंजी कंपनी तोट्यात हाय, आन् पोरं कँटीनमधी कुजबुजाया लागली. संकटग्रस्त म्हंजी बोर्डावर नोटीस लागली. नामशेष म्हंजी गेटवर तुमचा पंचच होत न्हाई."

मग खालच्या आवाजात पुढचं. वर्षभर पोटात वागवायचं तेव्हा एकच पिल्लू होतं. त्यानंतर दोन-दोन, चार-चार वर्षं काही नाही. त्यात लोक जाळ्यात धरतात, कल्ले वाळवतात आणि परदेशात कुठे औषध म्हणून विकतात. "आन् त्या औषधानं कुणाचं काय बरं झाल्याचं ऐकिवात न्हाई," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून आत गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आप्पांनी हे वर्गीकरण शिरूरभर लागू केलं होतं. कोपऱ्यावरचा लिंब असुरक्षित, कारण त्याच्या शेजारी कुणीतरी गाळ्यांचं खोदकाम काढलं होतं. वेळेवर येणारी दौंडची एसटी संकटग्रस्त. भावी नगरसेवकांचे फ्लेक्स 'चिंतेचं कारण नाही' या वर्गात. माझा मांडवगणचा चुलतभाऊ रमेश एकदा घरी आला होता. शेती चांगली, स्वभाव चांगला, पण लग्न जमत नव्हतं. आप्पांनी त्याची सगळी चौकशी केली आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "हा असुरक्षितमधून पुढं सरकायच्या बेतात हाय. काहीतरी हालचाल करा." रमेशनं चहा अर्धाच ठेवला. आता येण्याआधी तो फोन करून विचारतो, शेजारचे घरी आहेत का.

आप्पा सगळी नोकरी कुरकुंभला केलेले. औषधांची पावडर करणाऱ्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. राहायला दौंडला. फर्स्ट, सेकंड, नाईट, फर्स्ट, सेकंड, नाईट, असं त्यांचं आयुष्य कंपनीच्या बसमधून गेलं. 'दिसायला सारखं म्हंजी सारखं न्हाई' हे तिथलंच. दोन ड्रम, दोन्हींत पांढरी पावडर, आणि नव्या पोरानं एकाऐवजी दुसरी टाकली. अख्खी बॅच गेली. त्या दिवसापासून आप्पांचा जगातल्या कुठल्याच सारखेपणावर विश्वास राहिला नाही. माझ्या बायकोनं एकदा त्यांना वाटीभर साखर परत दिली, तर त्यांनी आधी चिमूट जिभेवर ठेवून बघितली.

कंपनीची दुसरी सवय म्हणजे चार्ज देणं. शिफ्ट संपली की जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं सांगायचं. कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठली टाकी भरतेय, कशावर लक्ष ठेवायचं. आणि येणाऱ्यानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय जाणाऱ्यानं गेटकडे पाऊल टाकायचं नाही. निवृत्तीनंतर आप्पा कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाले तरी दारात उभे राहून आवाज द्यायचे, "दूध गॅसवर हाय. गॅस बारीक हाय. मांजर बाहेर हाय. घेतलं?"

आतून सिंधूकाकूंचा आवाज यायचा, "घेतलं. जा आता."

सिंधूकाकू म्हणजे आप्पांच्या मंडळी. दौंडला अंगणवाडी चालवली. माहेर शिरूरच्या बाजूचं म्हणून म्हातारपणी घर इकडे बांधलं. बांधा लहान, आवाज मोठा, आणि तोंडाला लगाम नाही. मला त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "ह्यांनी फोटो दाखवला की थोरली म्हणा. बरोबर आलं तर लवकर सुटका, चुकलं तर चहा मिळतो."

एवढी कळकळ असलेला माणूस मांटा बघून आला असणार, असंच मी धरून चाललो होतो. खरा प्रकार मला आमच्या न्हाव्याच्या दुकानात कळला. आप्पा खुर्चीत बसून, गळ्याभोवती कापड बांधून, टिकाव आणि बेचकी समजावत होते. न्हाव्यानं वस्तरा थांबवून साधाच प्रश्न विचारला.

"आप्पा, तुमी सवता बघितलाय का पण?"

आप्पांनी आरशातूनच न्हाव्याकडे बघितलं. "मी न्हाई," ते म्हणाले. "हिनं बघितलाय."

निवृत्त झाल्यावर दौंडच्या एका ग्रुपबरोबर दोघं अंदमानला गेले होते. एकत्र केलेला पहिलाच लांबचा प्रवास. एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे बोट निघाली होती. सगळी मंडळी एका बाजूला गर्दी करून कुठल्याशा मोठ्या जहाजाचे फोटो काढत होती. काकू दुसऱ्या बाजूला, मळमळतं म्हणून नाकाशी लिंबू धरून बसल्या होत्या. आप्पा शेजारी, डोळ्यांवर रुमाल टाकून झोपलेले. शिफ्टच्या माणसाला बसायला जागा मिळाली की झोप लागतेच. आप्पा लग्नाच्या मांडवात झोपलेत, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत झोपलेत, हे मी काकूंकडूनच ऐकलंय.

तर बोटीखालचं पाणी काळं झालं. आणि ते काळं वर आलं. काकूंच्या अगदी समोर. अंथरलेल्या सतरंजीसारखं रुंद, कडेला हळूहळू हलणारं. त्याची पाठ पाण्याला लागली, त्यावरून पाणी ओघळलं, ते वळलं आणि खाली गेलं. काकूंनी आप्पांना गदागदा हलवलं. "आवो उठा, बघा, बघा काय आलंय."

आप्पा रुमालाखालून म्हणाले, "नाईट झालीया. झोपू दे."

निवृत्तीला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

रात्री हॉटेलवर काकूंनी सांगितलं, "एवढं होतं," आणि दोन्ही हात पसरले. हात पुरेनात म्हणून तशाच थांबल्या. आप्पांनी मोबाइलवर शोधून काढलं, की तो मांटा. आणखी शोधलं, तर मांटा दोन. थोरली आणि धाकटी. एक संकटग्रस्त, एक असुरक्षित. मग आपल्या बायकोच्या समोर आलेली होती ती कोणती? त्या दिवसापासून आप्पांना एवढीच एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. सगळे फोटो, सगळी व्याख्यानं, शिरूरभरची छळवणूक याच्यासाठी. आणि जगात साक्षीदार एकच. त्यांची बायको.

आणि ती सांगत नाही.

रोज संध्याकाळी चहा झाला की भिंतीपलीकडे जबानी सुरू व्हायची. आमच्या घरी त्या वेळी टीव्ही बंद असायचा, कारण पलीकडचं जास्त चांगलं असायचं.

"पाठीवर काय व्हतं?"

"पाणी."

"आगं, खांद्यावर पांढरं व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

"सरळ का तिरकं?"

"मला दिसलं तसं व्हतं."

"तोंड काळं का फिकट?"

"मी काय तोंड बघायला गेले व्हते व्हय? नवरी व्हती का ती?"

एखाद्या दिवशी काकू स्वतःहून म्हणायच्या, "टिकाव. टिकावच व्हता." आप्पा रात्रभर थोरलीची काळजी करायचे. दुसऱ्या संध्याकाळी काकू म्हणायच्या, "बेचकी असंल, काय सांगावं." एकदा तर म्हणाल्या, "मला ते पळीसारखं दिसलं." त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत.

एकदा दौंडला आप्पांचं बँकेत काम होतं म्हणून मी त्यांना गाडीवरून घेऊन गेलो. परतताना मासळीवाल्यापुढे त्यांनी गाडी थांबवायला लावली. बर्फावर एक पाकट पडला होता, ताटाएवढा. आप्पा वाकले, शेपटी बघितली, तोंड बघितलं, उलटा करून पोट बघितलं. मासळीवाला म्हणाला, "काका, घ्यायचाय का पत्रिका जुळवायची?"

"ही त्यांच्यातली न्हाई," आप्पा मला म्हणाले. "हिला डंख हाय. लांबची पाव्हणी." आणि एवढं बोलून त्यांनी तो विकत घेतला. घरी काकूंनी त्याचं झणझणीत कालवण केलं. आप्पांनी घास घेतला नाही. समोर बसून काकूंना विचारत राहिले, "जिवंतपणी कडा अशाच हलत व्हत्या का गं?" काकू भाकरी मोडत म्हणाल्या, "जेवू द्याल का?"

सगळ्यांत कहर म्हणजे त्यांनी खऱ्या मापाचं चित्र काढलं. गल्लीत, खडूनं. सकाळी मी कामावर निघालो तर आप्पा गुडघ्यांवर बसलेले आणि थोरलीचा उजवा पंख माझ्या गेटातून आत आलेला. "तुमची मोटरसायकल तिच्या कल्ल्यावर हाय," ते म्हणाले, "जरा मागं घ्याल का?" मी घेतली. घेतल्यावर लक्षात आलं, की मी माफी पण मागितली होती. थोरलीच्या शेजारी धाकटी काढली, ती पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. गिरणीवाल्याला वाटलं, रस्ता रुंदीकरणाची आखणी आहे. तो हातातलं दळण टाकून कुणाकुणाला फोन करत सुटला. मग आप्पांनी काकूंना गच्चीवर चढवलं. बोटीतून जसं दिसलं तसं वरून दिसावं म्हणून. सगळी गल्ली मान वर करून उभी. काकूंनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्याच्यापेक्षा मोठं व्हतं," म्हणाल्या आणि वाळत घातलेल्या कुरडया उलटवायला लागल्या.

मला राहवलं नाही. आप्पा अंघोळीला गेल्याचं बघून मी गच्चीवर जाऊन काकूंना म्हटलं, "काकू, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"न आठवायला काय झालं? आत्ता डोळं मिटलं तरी दिसतं."

"मग सांगून टाका की बिचाऱ्यांना."

काकूंनी कुरडईचा एक तुकडा मोडून मला खायला दिला. त्यांचं बोलणं एकदम हळू झालं. "मी सकाळी अंगणवाडीत जायची तवा हे झोपाया यायचे. मी संध्याकाळी यायची तवा हे जायला निघालेले. दारात चप्पल घालता घालता बोलणं. एका अंथरुणावर आम्ही पाळीपाळीनं झोपलो बघा. पोरगी मोठी कवा झाली हे पण ह्यांना मी सांगितलं. आता हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यापुढं बसतो, माझ्या तोंडाकडं बघतो, आन् विचारतो, तू काय बघितलं ते सांग. जन्मात कुणी विचारलं न्हाई हो मला, मी काय बघितलं ते. एकदा सांगून टाकलं की हे उठून टीव्हीपुढं बसत्याल." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना बोललात तर बघा."

मी बोललो नाही. पण त्यानंतर संध्याकाळच्या जबानीत मला पूर्वीसारखं हसू यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. पुण्याला दाखवलं. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, या वयात धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. मुलगी हैदराबादला, तिला दिवस गेलेले आणि प्रवास बंद. म्हणून गाडी मी काढायची ठरलं. धोका हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरणारे आप्पा परतीच्या वाटेवर शिक्रापूर गेलं, रांजणगाव गेलं, तरी एक अक्षर बोलले नाहीत. कारेगावच्या फाट्यावर नुसतं म्हणाले, "जरा सावकाश घ्या. तिला हिसका बसतो."

आणि जबानी बंद झाली. फोटो भिंतीवर येईनात. संध्याकाळी पलीकडे नुसता कपबश्यांचा आवाज यायचा. काकूंनी मला गेटाशी गाठलं. "डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन काय म्हणाले?"

"सगळं तुमच्यासमोरच म्हणाले की."

"मग हे विचारत का न्हाईत आता? मला न सांगितलेलं काहीतरी ह्यांना सांगितलंय. माझं काही खरं दिसत न्हाई." मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं. डॉक्टरांनी धोका सांगितला तेव्हा त्या घाबरल्या नव्हत्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकू हिरव्या गाऊनमध्ये, केसांवर कागदी टोपी, अशा स्ट्रेचरवर पडल्या होत्या. न्यायला आलेली सिस्टर वयानं लहान होती. आप्पांनी तिला अडवलं आणि चार्ज द्यायला सुरुवात केली.

"हिला डावी कूस सोसत न्हाई. पाठीखाली काही कडक आलं तर सांगायची न्हाई, सोसत बसंल. रात्री पाणी लागतं, पण मागत न्हाई. ओठ चाटायला लागली की समजायचं. घेतलं?"

"हो काका, काळजी करू नका."

"तसं न्हाई. घेतलं म्हणा."

सिस्टर थांबली. "घेतलं," म्हणाली.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांना मी झोपाळू समजत होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाईट करून करून रात्रीची झोप गेली माझी. ती झोपलेली असती, मी बसून असतो. दुसरं काय बघणार?"

स्ट्रेचरवरून काकूंनी हात केला. "इकडं या. कान करा इकडं. सांगते त्या दिवशी काय व्हतं ते."

आप्पा एक पाऊल मागे सरकले. "आत्ता नको."

"इतकी वर्षं डोकं खाल्लं माझं. आता सांगते तर नको?"

"नको म्हणलं ना."

"आवो, राहून जाईल."

"राहू दे," आप्पा म्हणाले. काकूंनी तोंड उघडलं तसे त्यांनी खरंच दोन्ही हातांनी कान झाकले. कॉरिडॉरमधली माणसं बघायला लागली. काकूंचे ओठ हलले की नाही कुणास ठाऊक. आप्पांनी डोळेही मिटले होते. स्ट्रेचर दारातून आत गेलं तरी हात कानांवरच होते. मी ते खाली घेतले.

आम्ही बाकावर बसलो. आप्पा बोलायला लागले. "आमची मंडळी कुणाचं काही बाकी ठेवत न्हाई. अंगणवाडी सोडताना सुद्धा डबे घासून दिले तिनं. आत्ता सांगितलं असतं तर तिच्या मनानं सगळं आवरलं असतं. मग मोकळी झाली असती ती." त्यांनी कानटोपी हातात घट्ट धरली होती. "मला ती मोकळी झालेली नको हाय. माझ्याच्यानं एकट्यानं ऱ्हावणार न्हाई हो तिच्यामागं."

मी उठून चहा आणला, तो दोघांनीही प्यायला नाही.

दुपारनंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नीट झालं. आप्पांनी मान हलवली आणि पुन्हा बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. काकू आणखीच लहान दिसत होत्या. नळ्या, यंत्रं, आणि मधे त्यांचा चेहरा. आप्पा पलंगाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं. घसा बसलेला होता, तरी मला ऐकू आलं.

"विचारा की."

"काय?"

"रोजचं."

आप्पांचा हात पलंगाच्या कडेवर होता. तो पुढे सरकला आणि जिथे सुई टोचलेली नव्हती अशी जागा शोधून काकूंच्या मनगटावर टेकला.

"लई दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला काकूंची मान जरा हलली, आणि थांबली.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

"कुठं कुठं, सांग."

काकू सांगायला लागल्या. छातीत, खांद्यात, पाठीत, श्वास घेताना कुठे आणि सोडताना कुठे. आप्पा वाकून ऐकत होते. सिस्टरनं येऊन वेळ संपल्याचं सांगितलं. काकूंचं अजून झालं नव्हतं, आणि आप्पा हलले नाहीत.